सेंटिमॉर्गनचा आकडा आणि चाळीचा पत्ता

नातलग शोधण्यासाठी केलेल्या डीएनए चाचणीत एखाद्या गृहस्थांशी सुमारे 850 सेंटिमॉर्गनची (दोघांत सामायिक असलेला डीएनए मोजण्याचे एकक) जुळणी दिसली म्हणून त्यांना लगेच चुलतभाऊ ठरवू नका. आजोबांच्या सख्ख्या भावाशीही साधारण तेवढेच जुळते, म्हणून आधी वय विचारावे. मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या घराण्यांत तर पूर्वज दोन्हीकडून तेच येत असल्याने आकडा फुगतो आणि दूरचा नातलग जवळचा भासतो. इथे विशेष सावध राहा. गिरणगावातल्या चाळीत खोलीचा पत्ता सारखा असणे हा नात्याचा पुरावा नव्हे, कारण एकाच खोलीत एका गावचे अनेक गिरणी कामगार राहत. शाळा सोडल्याचा दाखला आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची वंशावळीची वही जुळली तरी दोन्हींची माहिती एकाच आजोबांनी दिलेली असल्यास तो एकच पुरावा धरावा. आत्या एक पिढी मागच्या असल्याने, त्या तयार असतील तर त्यांची डीएनए चाचणी आधी करावी.