वाचकांचे प्रश्न: जगदीश भगवतींनी नेमकं केलं काय?

प्रश्न: मुलगी टीवायबीएला आहे, इकॉनॉमिक्स घेऊन. घरात सध्या सारखं जगदीश भगवती, जगदीश भगवती चालू असतं. आंतरराष्ट्रीय व्यापारातले मोठे अर्थतज्ज्ञ एवढं कळलं, पण त्यांनी नेमकं काय केलं ते आमच्यासारख्यांना समजेल असं सांगाल का?
– एक आई, सांगली

उत्तर: सांगतो ताई, आणि मुलीचं आधी कौतुक करा, चांगला माणूस निवडलाय तिने. भगवतींचा जन्म मुंबईचा, १९३४ चा, घर गुजराती. शिकले सिडनहॅम कॉलेजात (आंबेडकर इथेच १९१८ ते १९२० प्राध्यापक होते), मग केंब्रिज, मग अमेरिकेतलं एमआयटी. माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती हे त्यांचे थोरले भाऊ.

१९५८ साली, पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, त्यांनी एक छोटा पेपर लिहिला आणि त्यातली गोष्ट आजही शिकवतात. उत्पादन वाढलं की देश श्रीमंत होणार असं आपण धरूनच चालतो ना, तर भगवतींनी गणित मांडून दाखवलं की दरवेळी तसं होत नाही. समजा एक देश एवढी कॉफी विकतोय की जगातला भाव त्याच्याच मालावर ठरतो, आता तिथे पीक वाढलं, सगळा माल बाजारात आला, पण माल वाढला म्हणून लोक काय दुप्पट कॉफी पीत नाहीत, मग भाव इतका पडू शकतो की जास्त विकूनही हातात पैसे कमी येतात आणि बाहेरून आणायची औषधं, मशिनरी मात्र तेवढ्याच किमतीला. पिकलं जास्त आणि देश झाला गरीब. लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या कुणालाही हे लगेच कळेल.

पण मला स्वतःला त्यांचं १९६३ चं काम जास्त मोलाचं वाटतं, अर्थतज्ज्ञ व्ही. के. रामस्वामींबरोबर केलेलं. शिकून ते भारतात परत आले होते, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत होते, आणि तेव्हा आपल्याकडे कुठलीही अडचण आली की आयात अडवायची हाच उपाय असायचा. या दोघांनी सांगितलं की दोष देशातल्या बाजारात असेल तर इलाज तिथेच करा, सबसिडी द्या, कर लावा, पण सीमेवर भिंत घालू नका, त्याने एक दुखणं बरं करताना दुसरं लागतं. पुढे १९७० मध्ये पत्नी पद्मा देसाईंबरोबर पुस्तक लिहून त्यांनी लायसन्स आणि आयात नियंत्रणांवर थेट टीका केली. १९९१ ला देशाने ही नियंत्रणं सैल करून तीच वाट धरली, मधली २१ वर्षं फुकट गेली असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मग भगवतींच्या हिशोबाने कांद्याची निर्यातबंदी बरोबर की चूक? पीक वाढून भाव पडतो तर माल अडवलेलाच बरा, असं कुणी म्हणेल.
– कांदा उत्पादक, निफाड

उत्तर: मुद्दा बरोबर पकडलात दादा. मोठा विक्रेता देश निर्यातीवर थोडा कर लावून बाहेरचा भाव टिकवू शकतो हे त्या थिअरीत आहेच. पण कधी, तर घेणाऱ्याला दुसरा विकणारा नसेल तेव्हा. कांद्याचं तसं नाहीये, आपण दार लावलं की पाकिस्तान, इजिप्त, चीनचा माल जातो. शिवाय डिसेंबर २०२३ ते मे २०२४ ची बंदी बाहेरचा भाव वाढवायला नव्हतीच, ती होती शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून. म्हणजे अडचण देशातली. मग १९६३ चाच नियम लावा: गरीब ग्राहकाला थेट मदत द्या, वेळेवर साठा करा, साठवणीत सडणारा माल वाचवा. बंदीत ग्राहकाच्या सवलतीचं बिल एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून जातं आणि तुटलेलं गिऱ्हाईक परत जोडायला किती वेळ लागतो हे तुम्हाला मी काय सांगणार.

प्रश्न: एवढं करून नोबेल का नाही? आणि या विषयात करिअर आहे का?
– एमएचा विद्यार्थी, पुणे

उत्तर: नोबेल मिळालं नाही याची मलाही हळहळ आहे. पण २००८ ला व्यापारावरच्या कामासाठी ज्यांना मिळालं ते पॉल क्रुगमन एमआयटीत भगवतींचेच विद्यार्थी. १९७१ मध्ये भगवतींनी या विषयाचं स्वतंत्र जर्नल सुरू केलं, नंतर गॅटच्या (जागतिक व्यापाराच्या नियमांचा करार) प्रमुखांचे सल्लागार झाले, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं, २००० ला पद्मविभूषण मिळालं.

करिअर आहे, नक्की आहे. गोखले इन्स्टिट्यूट तुमच्या गावातच आहे, दिल्लीला परदेशी व्यापार शिकवणारी आयआयएफटी आहे, सरकारला व्यापार करारांची बोलणी करायला माणसं लागतात, बँका आणि रिसर्च संस्थांनाही लागतात. फक्त गणित आणि स्टॅटिस्टिक्स आत्ताच पक्कं करा. अविनाश दीक्षित, मुंबईतच जन्मलेले, सेंट झेवियर्स आणि केंब्रिजला गणित शिकून मग अर्थशास्त्रात आले, आणि त्यांनी अर्थतज्ज्ञ स्टिग्लिट्झबरोबर १९७७ मध्ये केलेलं मॉडेल क्रुगमनच्या कामाचा पाया ठरलं. तेव्हा कॅल्क्युलस मागे पडलं असेल तर या सुट्टीत तेच आधी उघडा.