वाचकांचे प्रश्न : आजारपण, प्रार्थना आणि विश्वास

प्रश्न : आईला संधिवात आहे. चर्चच्या मंडळीत तिच्यासाठी दोन वर्षं प्रार्थना चालू आहे. आता काही जण म्हणतात, ‘तिचा विश्वास कमी पडतो, म्हणून गुण येत नाही.’ आईने हे फार मनाला लावून घेतलंय.

उत्तर : आईंना सांगा, या बोलण्याला शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, आधार नाही. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीला येशू ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले’ असं म्हणाला, हे खरं (मार्क 5). पण छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या वेळी त्याने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, म्हणजे खाट घेऊन आलेल्यांचाही (मार्क 2). बेथेस्दा तळ्याकाठच्या, 38 वर्षं आजारी असलेल्या माणसाला तर आपल्याला बरं कोणी केलं हेही ठाऊक नव्हतं (योहान 5). ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असं ओरडणाऱ्या बापाचा मुलगाही बरा झालाच (मार्क 9). या सगळ्यांना एकच माप कसं लावणार?

कुणी येशूच्या गावाचा, नासरेथचा दाखला देईल, की तिथल्या अविश्वासामुळे येशूने फारशी अद्भुतं केली नाहीत. तो प्रसंग गावाने येशूलाच झिडकारल्याचा आहे. अंथरुणावरून प्रार्थना मागणाऱ्या बाईला तो लावणं अन्यायाचं आहे. शिवाय मार्क 6:5 सांगतं की तिथेही थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं.

प्रेषित पौलाचंच पाहा. मलिता बेटावर त्याच्या प्रार्थनेने ताप आणि आवेने पडलेला माणूस उठला (प्रेषितांची कृत्ये 28). तरी सोबती त्रफिमाला त्याने मिलेत शहरात आजारीच ठेवलं (2 तीमथ्य 4:20), तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23), आणि स्वतःच्या ‘शरीरातल्या काट्यासाठी’, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती करूनही उत्तर आलं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ (2 करिंथ 12). पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला कोणी धजावत नाही. आईंनाच का?

प्रश्न : घरी आजाऱ्यासाठी तेल लावून प्रार्थना करायची आहे. नेमकी पद्धत काय?

उत्तर : याकोब 5:14 नुसार दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना (चर्चमधल्या जबाबदार वडीलधाऱ्यांना) बोलवायचं असतं. म्हणजे बोलावणं आजाऱ्याकडून यावं. तो शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारा, डोक्यावर हात ठेवलेला चालेल का तेही विचारा. दोघं-तिघं पुरेत. वचनाचा छोटा भाग वाचा, बोटाच्या टोकाला लागेल एवढंच ऑलिव्ह तेल कपाळावर लावा आणि आजाराचं नाव घेऊन साध्या शब्दांत मागा. पाच-दहा मिनिटांत आवरा. थकलेल्या माणसाला तासभराची प्रार्थना शिक्षाच वाटते. जखमेवर किंवा टाक्यांवर तेल लावू नका, पिऊ घालू नका. प्रार्थनेच्या नावाखाली घरातली भांडणं देवाला सांगू नका (हे होतं, आणि आजारी माणूस सगळं ऐकत असतो).

कॅथलिक कुटुंबात आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार फक्त धर्मगुरू किंवा बिशपच देऊ शकतात. 1972 मध्ये पोप पॉल सहावे यांनी ठरवून दिलेल्या विधीप्रमाणे कपाळाला आणि हातांना तेल लावतात. ऑलिव्हचं नसेल तर दुसरं वनस्पतीचं तेल चालतं. हा संस्कार मरणाच्या दारातच घ्यायचा, ही समजूत जुनी झाली. गंभीर आजारात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेआधी बोलवा. बरं होऊन पुन्हा गंभीर आजारी पडल्यास, किंवा त्याच आजारात प्रकृती बिघडल्यास, तो पुन्हा घेता येतो.

प्रश्न : सभेत प्रार्थनेनंतर वेदना थांबल्या. गोळ्या बंद केल्या तर चालेल?

उत्तर : नाही. भरल्या सभेत, उत्कट भावनेत वेदना कमी जाणवतात आणि काही तासांनी परत येऊ शकतात. संधिवात, दमा यांसारखे आजार मधेच ओसरतात, पुन्हा उसळतात. स्टेरॉइड, फिट्सच्या गोळ्या किंवा इन्सुलिन अचानक तोडल्यास जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांना काय झालं ते सांगा, तपासण्या पुन्हा करून घ्या आणि गोळ्या त्यांनाच कमी करू द्या. यात अविश्वास कसला? येशूनेही दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे (यहुदी पुरोहितांकडे) पाठवलं, आणि कुष्ठरोगी शुद्ध झाला की नाही हे पाहण्याचं काम नियमशास्त्राप्रमाणे याजकांचंच होतं.

चमत्कार मान्य करण्याची कॅथलिक चर्चची कसोटी याहून कडक आहे. पुढे पोप झालेल्या लांबेर्तिनी यांनी 18 व्या शतकात घातलेल्या अटींनुसार आजार गंभीर हवा, आपोआप किंवा औषधाने बरा झालेला नसावा, आणि बरं होणं एकाएकी, पूर्ण व टिकाऊ हवं. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी 1883 पासून डॉक्टरांचं कार्यालय हे दावे तपासतं. हजारो दाव्यांतून चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले शंभरही नाहीत. म्हणून साक्ष द्यायची घाई नको. तपासणीचा कागद हातात येऊ द्या.

प्रश्न : किमोथेरपी चालू आहे. पूर्वी देव जवळ वाटायचा, आता प्रार्थनेत मन लागत नाही. काही चुकतंय का?

उत्तर : मळमळ, अपुरी झोप आणि औषधांच्या गुंगीत एकाग्रता जाणारच. तो पापाचा पुरावा नाही. लांब प्रार्थना सोडा. सकाळी स्तोत्र 13 वाचा, त्याच्या सहाच ओव्या आहेत. तेवढंही जमेना तर घरच्यांपैकी कोणी वाचावं, तुम्ही पडून ऐकावं. श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’, एवढीही प्रार्थना होते. राग आला असेल तर तोही त्यालाच सांगा. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूनेही आधी ‘हा प्याला दूर कर’ असंच म्हटलं, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे त्यानंतर. पहिली पायरी गाळून एकदम शेवटचं वाक्य म्हणायचा अट्टहास बरेच जण करतात आणि प्रार्थना कोरडी पडते. खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना तेही सांगा, त्यावर वेगळे उपचार असतात.

प्रश्न : अभिषेक केलेला रुमाल देणगी पाठवल्यावर मिळतो. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. कुष्ठरोगी सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने त्याची भेट नाकारली. मागून जाऊन ती उकळणाऱ्या गेहजीचं, अलीशाच्या चाकराचं, काय झालं ते 2 राजे 5 मध्ये वाचा.