‘आठवते का?’ हे विचारू नका

“पंधरा दिवसांतून एकदा बाबांना भेटायला जाते, मॅडम. जेवले का, गोळ्या घेतल्या का, झोप लागते का, एवढं विचारून झालं की बोलणं संपलं. मग ते भिंतीकडे पाहतात अन मी मोबाइलकडे. एसटीची वेळ होईपर्यंत नुसतं बसून राहायचं.”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचं हे म्हणणं. थोड्याफार फरकाने हेच मला शेतमजुरी करणाऱ्या मुलाकडूनही ऐकायला मिळतं आणि पुण्याहून रजा काढून आलेल्या इंजिनिअरकडूनही. (ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत.) हिच्या मनात मात्र त्याखाली दुसरं काही दडलेलं होतं, ते पुढच्या भेटीत बाहेर आलं. “वृद्धाश्रमात ठेवलं म्हणून त्यांनी माझ्याशी अबोला तर धरला नसेल ना?” खेड्यात हा सल फार खोल जातो. पोळ्याला, लग्नकार्यात कुणीतरी चारचौघांत विचारतंच, “काऊन वो, बापाले तिकडं ठेवलं म्हणते?”

आबाजी ऐंशीच्या घरात. आयुष्यभर कापूस खरेदी केंद्रावर, आधी हमाल आणि मग मापारी. बायको गेल्यावर लेकीकडे राहायला आले. रात्री उठताना दोनदा पडले, एकदा तर सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. लेक अंगणवाडीत, जावई शेतात, मुलगा बाहेरगावी. मग तालुक्याजवळचा वृद्धाश्रम.

माणूस गप्प झाला की मी मनाकडे जायच्या आधी कानाकडे जाते. म्हातारपणी ऐकू कमी येतं, माणूस “हो हो” म्हणून वेळ मारून नेतो आणि आपल्याला वाटतं, बोलायची इच्छाच नाही. थायरॉइड, ब-12 ची कमतरता, नैराश्य, हेही पाहून घ्यावं लागतं; या वयात नैराश्य रडण्यापेक्षा गप्प बसण्यातूनच जास्त दिसतं. आबाजींच्या दोन्ही कानांत मळ दगडासारखा बसला होता. ग्रामीण रुग्णालयात तो काढला. विसरण्याची थोडी सुरुवात आहे, असंही डॉक्टरांनी सांगितलं. कान मोकळे झाले, पण बोलणं काही वाढलं नाही.

आठवणींच्या पेटीचा विषय तिनेच काढला. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता: खोक्यात जुन्या वस्तू भरायच्या, एकेक काढून दाखवायची, म्हातारी माणसं खुलतात. तिने बुटाच्या खोक्यात आईचा फोटो, भावाच्या लग्नाचा अल्बम, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि नातवाची पहिली चप्पल नेली. फोटो समोर धरून विचारलं, “बाबा, हे कोण? आठवते का? अन हा? याचं नाव सांगा बरं.” दोन नावं चुकली. तिसऱ्या फोटोला आबाजींनी कूस बदलली.

खोकं चुकलं नव्हतं, प्रश्न चुकला होता. ज्याची आठवण निसटू लागली आहे त्याला “आठवते का” विचारणं म्हणजे सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा घेणं. नाव चुकतं, लेकीचा चेहरा पडतो, आणि तो पडलेला चेहरा त्याला बरोबर दिसतो. पुढच्या वेळी गप्प राहणं त्याला जास्त सुरक्षित वाटतं. त्यातून पहिली वस्तू कोणती, तर गेलेल्या बायकोचा फोटो.

मी तिला विचारलं, “बाबा कामावर नेमकं काय करायचे?”

“मापारी होते.”

“म्हणजे दिवसभर काय करायचे?”

तिला सांगता आलं नाही. बाप रोज अंगाला कापूस चिकटवून घरी यायचा, एवढंच तिला ठाऊक. बहुतेक मुलांचं असंच असतं. आईबाप आपल्या जन्मानंतर सुरू झाले अशी आपली समजूत असते. म्हणून तिला सांगितलं, गावात जा, त्यांच्यासोबत काम केलेलं कुणी हयात असेल तर त्याच्याकडे बस, आत्याला फोन लाव, आणि मग पेटी भर. विशीच्या आसपासचं धुंडाळ. साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयात सगळ्यात जास्त येतात, हे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आबाजींच्या बाबतीत तो काळ म्हणजे बैलगाड्यांनी कापूस बाजारात यायचा तो. 1972 मध्ये राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. त्याच साली दुष्काळ, आणि रेशनवर ती लाल ज्वारी.

दुसऱ्या पेटीत फोटो एकच होता, तोही बैलगाड्यांच्या रांगेचा. बाकी सरकीच्या ढेपेचा एक तुकडा, पोत्याचा फाटका कपडा आणि सुतळी, चुन्याची रिकामी डबी (तंबाखूला व्यवस्थापकांनी साफ नाही म्हटलं, आणि हमालाच्या लोखंडी हुकालाही), भोकाचा पैसा, आणि घरच्या शेतातला मूठभर कापूस.

बोलायचं काय, हेही ठरवून घेतलं. आठवणीबद्दल एकही प्रश्न नाही. आपण अडाणी व्हायचं. “बाबा, हा कापूस चांगला की वाईट, मले समजत नाई. कसं पायतेत?”

मी त्या दिवशी दाराशी होते. आबाजींनी कापूस आधी मुठीत दाबला आणि सोडला. तो फुलून वर येतो का, ते पाहत होते. मग चिमूटभर घेऊन दोन्ही अंगठे नखाला नख लावून धरले आणि ओढला. तुटलेली दोन टोकं एकावर एक ठेवली, परत ओढला. तिसऱ्यांदा ओढल्यावर बोटांत समांतर तंतूंची एक छोटी पट्टी उरली, ती त्यांनी शर्टाच्या काळ्या बटणावर धरली. सुरकुतलेले हात एरवी कपबशी धरताना थरथरायचे. आता थरथर नव्हती.

“धागा बरा हाय. पण दवाचा हाय हा. पायटी वेचला काय?”

“हो बाबा, बाया लवकर आल्या होत्या.”

“जवाईबुवाले सांग, ऊन पडू द्या, मंग वेचा. ग्रेडर मांगं सारते असा माल.”

ते खरंच होतं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर आज यंत्राने ओलावा मोजतात, 12 टक्क्यांच्या वर गेला तर माल घेत नाहीत. आबाजींच्या काळी यंत्र म्हणजे मूठ. लेक हसली, म्हणाली, घरी गेल्यावर पहिली बोलणी नवऱ्याला बसणार. त्यानंतर आबाजी किती वेळ बोलले ते मी घड्याळ लावून पाहिलं नाही. केंद्राबाहेर गाड्यांची दोन-दोन दिवस रांग, गाडीखालीच झोपणं, तिथेच तीन दगडांची चूल, रांगेत कुणाचा बैल मेला तेव्हा हमालांनी काढलेली वर्गणी. लेकीने यातलं काहीही कधी ऐकलेलं नव्हतं. मधे एकदा त्यांनी तिला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली. तिने दुरुस्त केलं नाही, हे मला फार आवडलं.

हाताला लागलेली सवय नावगावापेक्षा उशिरा पुसते, म्हणून हातात घेऊन काही करता येईल अशी वस्तू फोटोपेक्षा कामाची. वासाचंही तसंच. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत इतर ज्ञानेंद्रियांपेक्षा थेट जाते. ढेपेचा तुकडा नाकाशी नेल्यावर पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले, त्यांची म्हशीची आठवण सुरू झाली. वयानुसार वास घेण्याची शक्ती मंदावते, तेव्हा काहींना काहीच जाणवत नाही. मग आग्रह करू नये.

गाड्यांच्या फोटोवरून गोष्ट यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतला रेल्वेवर गेली आणि दोन म्हाताऱ्यांत जुंपली. एक म्हणे आधी दारव्हा लागतं, दुसरा म्हणे आधी कारंजा. दोघांचं बरोबर होतं. एक यवतमाळहून बसायचा, दुसरा मूर्तिजापूरहून. 1994 पर्यंत ही गाडी कोळशाच्या इंजिनावर धावत होती, त्यामुळे डोळ्यात गेलेल्या कोळशाच्या कणांवर मात्र दोघांचं एकमत. पेटी एकाची आणि बोलणं पाच जणांचं, हे या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. लेक तर पंधरा दिवसांनी येणार. शेजारची खाट रोजची आहे.

आता थोडं सबुरीने. म्हातारी माणसं जुन्यात रमतात त्याला दोष मानू नये, त्यातून ती आयुष्याचा मेळ लावत असतात, हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्ये मांडलं. तेव्हापासून या पद्धतीवर बराच अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी 2018 मध्ये झालेल्या कोक्रेन आढाव्यात (वेगवेगळी संशोधनं एकत्र ठेवून पाहणारा आढावा) 22 चाचण्या तपासल्या गेल्या. फायदा दिसतो, पण तो छोटा आणि सगळीकडे सारखा नाही. पेटीने आजार मागे फिरत नाही. तास बरा जातो, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी ती करायला हरकत नाही.

बायकांच्या खोलीत मी भुलाबाईची, म्हणजे आपल्याकडच्या मुलींच्या गाण्यांच्या सणाची, रीत वापरते. भुलाबाईत खिरापतीचा डबा झाकून वाजवायचा आणि बाकीच्यांनी आत काय ते ओळखायचं. इथे डबा आजींच्या हाती, ओळखायचं आम्ही. आम्ही मुद्दाम चुकतो, कधी खरंच चुकतो. आज्यांना आमची फजिती पाहण्यात जो आनंद होतो तो काही औरच.

काय ठेवू नये, हे घरच्यांना आधी विचारावंच लागतं. एका आजींच्या डब्यात सुनेने प्रेमाने हिरव्या बांगड्या ठेवल्या होत्या. आजी रडल्या. रडणं आलं तर डबा घाईने बंद करू नका, विषय बदलू नका, जवळ बसा. पण मुद्दाम तिथे नेऊही नका. आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या घरात कुणी शेतीपायी जीव दिला आहे, तिथल्या पेटीत फवारणीचा पंप, औषधाची बाटली, या वस्तूंचा फोटोदेखील नको. शेतीचं सामान म्हणून कुणी भाबडेपणाने ठेवतं, म्हणून लिहिते.

बाकी साधं आहे. मौल्यवान काही नको, फोटोची झेरॉक्स चालते. सहा-सात वस्तू पुष्कळ, आणि बाहेर एका वेळी एकच. ज्यांना विसर जास्त आहे ते काहीही तोंडात घालतात, म्हणून सरकी किंवा दाणे घट्ट शिवलेल्या पुरचुंडीत द्यावेत. सकाळच्या नाश्त्यानंतरची वेळ बरी. स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेल संध्याकाळकडे वाढते. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवावी: हे कोण, काय काम करायचे, यांना काय विचारायचं, काय नाही. ती चिठ्ठी खरी उपयोगी पडते आश्रमातल्या मावशींना, ज्या रोज आंघोळ घालतात, भरवतात.

राहिला तो अबोल्याचा प्रश्न. तिला आधीच सांगून ठेवलं होतं की बोलणं सुरू झालं की नको तेही निघेल. निघालंच. एका भेटीत सुतळी गुंडाळता गुंडाळता आबाजींनी विचारलं, “मले इथं काऊन ठेवलं?”

“डॉक्टर म्हणाले म्हणून” हे उत्तर तिच्या ओठांवर होतं. ते द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ती म्हणाली, “रातच्यानं तुम्ही पडले अन मले समजलं नाई, बाबा. मले भेव वाटते. दिवसाही घरी कोणी नसते.”

आबाजी म्हणाले, “माह्यावर कुलूप लावून गेली असती.”

“तसं नाई करू शकत मी.”

त्या दिवशी पुढे ते बोलले नाहीत. तिने मला बसस्टँडवरून फोन केला, रडत होती, म्हणाली सगळं बिघडलं. मला तसं वाटलं नाही. राग खरा होता आणि इतके महिने पोटात ठेवलेला एकदाचा तिला सांगितला गेला होता. पुढच्या भेटीत त्यांनी दिवाळीला घरी नेशील का, एवढंच विचारलं. ती चार दिवस घेऊन गेली. अंगणात कापसाचा ढीग होता. जावयाला ओलाव्यावरून जे ऐकावं लागलं, ते तिने मला हसत हसत सांगितलं. पाचव्या दिवशी परत सोडताना आबाजी तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत.