दुर्बीण नसलेली ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’

प्रश्न असा आहे : ‘मेंदूतला फुगा दुर्बिणीने काढला’ अशा बातमीत पुढे जांघेतून नळी घातल्याचे लिहिलेले असते. मग दुर्बीण कुठे आली? आणि ‘मिनिमली इन्व्हेझिव्ह’ला, म्हणजे शरीराला कमीत कमी जखम करून होणाऱ्या उपचाराला, मराठीत काय म्हणावे?

दुर्बीण आलेलीच नाही. पित्ताशयाच्या किंवा नाकातून होणाऱ्या पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) शस्त्रक्रियेत बघण्याचे साधन खरोखर शरीरात जाते. तिथे हा शब्द चोख बसतो. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून मेंदूपर्यंत नेतात ते कॅथेटर म्हणजे नुसती बारीक, लवचीक, पोकळ नळी. तिच्यातून काही दिसत नाही. तिच्यातून आयोडीनयुक्त द्रव सोडायचा आणि रक्तवाहिन्यांचे जाळे क्ष-किरणांच्या पडद्यावर बघायचे. पोर्तुगीज डॉक्टर एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बनला जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या अशा प्रथम दाखवल्या. हे बघणे साधले नसते तर नळी आत घालायची कुणाची छाती झाली नसती.

बातमीतले ‘काढला’ही चुकीचे आहे. हा फुगा म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा. तो काढत नाहीत, आतून भरतात. त्यासाठी इटालियन डॉक्टर ग्विदो गुलिएल्मी यांची प्लॅटिनमची मऊ वेटोळी १९९० मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली. वेटोळे जागेवर बसले की किंचित विद्युतप्रवाह सोडून ते मागच्या तारेपासून सुटे करतात. पक्षाघातात रक्ताची गुठळी मात्र खरोखरच ओढून बाहेर काढतात, तिथे ‘काढली’ म्हणावे.

आता प्रतिशब्द. ‘किमान आक्रमक’ मला मुळीच पटत नाही. मराठीत आक्रमक असतो तो माणूस, फलंदाज किंवा पवित्रा. ‘अल्पछेदी’ बरा आहे, पण नळीच्या उपचारात छेद घेतच नाहीत, सुईने भोक पाडतात. म्हणून माझे मत ‘अल्पवेधी’ला. कर्णवेधातला वेध तो हाच. सुश्रुताने शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत छेदन वेगळे आणि वेधन वेगळे. शिवाय एषण म्हणजे शलाकेने शोध घेणे आणि आहरण म्हणजे आतली वस्तू ओढून काढणे. गुठळीच्या उपचारात वेधन, एषण, आहरण ही तिन्ही येतात. सुश्रुताच्या काळी मेंदूत नळ्या जात होत्या असा याचा अर्थ नाही. शब्द मात्र घरातच होते, आणि ते फार नेमके आहेत.

तरी बातमीत आणि रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना मी ‘अल्पवेधी’ही टाळीन आणि वाट सांगेन : ‘जांघेतून नळी नेऊन मेंदूतल्या धमनीचा फुगवटा भरला.’ मणक्याच्या बाबतीत ही गरज जास्तच आहे. लहान चिरेतून दुर्बीण घालून सरकलेल्या चकतीचा तुकडा काढणे वेगळे, आणि खचलेल्या मणक्यात पाठीतून सुई घालून सिमेंट भरणे वेगळे. दुसरा उपचार १९८४ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँ इथे सुरू झाला. दोन्हींना ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ म्हटले की संमतिपत्रावर सही करणाऱ्याला नक्की काय होणार ते कळत नाही. शिवाय ‘अल्पवेधी’तले ‘अल्प’ हे विशेषण जखमेचे आहे, जोखमीचे नव्हे. नळीने फुगवटा भरताना तो फुटू शकतो, गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. जांघेवरची खूण तेव्हाही तेवढीच असते.