‘मॅडम, गोल्फ सोडून द्यावं म्हणतोय’

‘एवढी मेहनत घेऊनही खेळ सुधारत नाही, उलट बिघडतोय, मग सोडून द्यावा का?’ पन्नाशीच्या आसपास नवा खेळ धरलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी वरचेवर ऐकते. कधी बॅडमिंटन असतं, कधी टेनिस. या वेळी गोल्फ होतं. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, चालवतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, धंद्यातल्या एका मित्राने क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात दिला आणि खेळ सुरू झाला. बेळगावात गोल्फ मैदान म्हटलं की पुष्कळांना अजून बिबट्याच आठवतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो त्या परिसरात दडून बसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधायला हत्ती आणले गेले. तिथली झाडी किती दाट, हे एवढ्यावरून कळावं. आमच्या गृहस्थांचा बहुतेक त्रास त्या झाडीतच होता, पण ते मला नंतर कळलं.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते ते झोपेची तक्रार घेऊन. शनिवारी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, कारण रविवारी सकाळी चौघांचा खेळ. दुपारी घरी आले की चिडचिड. बायको म्हणते, खेळून येता की भांडून येता?

“मॅडम, मी एवढं कराय लागलोय, पण फरक काय पडत नाही बघा. व्हिडिओ बघतो, बादलीभर बॉल मारतो. परवा आठ फुटांवरून पट चुकला. आठ फूट म्हणजे काय हो! तिघं बघत उभे होते. सोडून द्यावं म्हणतोय.”

पट म्हणजे बॉल हलकेच ढकलून होलमध्ये घालायचा फटका. मी विचारलं, आठ फुटांवरून किती जायला हवेत? “सगळे की!”

इथे आकडा सांगणं भाग होतं. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे, याच कामाचे पैसे घेणारे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. दहा फुटांवरून दहातले चार. होलचा व्यास सव्वाचार इंच आणि ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, कधीच पाटासारखं सपाट नसतं. टीव्हीवर आपण पाहतो ते त्या आठवड्यात ज्यांचे पट जाताहेत त्यांनाच, कारण कॅमेरा आघाडीवरच्यांच्या मागे फिरतो. गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “निम्मे? मग मी रडतोय कशाला?”

हँडिकॅपचंही तसंच. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची कुवत सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठ फेऱ्यांवरून हँडिकॅप निघतो. म्हणजे ती आपली सरासरी नव्हे, चांगल्या दिवसाची कुवत. बहुतेक रविवारी त्याहून वाईटच खेळ होणार, तसंच व्हायचं असतं. त्या हिशोबात एका होलवर, म्हणजे खेळाच्या एका टप्प्यात, किती फटके मोजायचे यालाही मर्यादा आहे. पार (त्या होलसाठी ठरलेले फटके), त्यावर दोन आणि त्या होलवर हँडिकॅपने मिळणारे फटके, बस्स. एखाद्या होलवर वाताहत होणारच, हे नियम करणाऱ्यांनीच धरून ठेवलंय. हे लोकांना कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी विचारलं, फाउंड्रीत रिजेक्शन शून्य असतं का? “शून्य कसं होईल हो!” आणि मग ते खुलले. ब्लोहोल, श्रिंकेज, वाळू पडणं. कुठला दोष कशाने येतो, वाळूतला ओलावा कधी तपासायचा. कास्टिंग वाया गेलं म्हणून मोल्डरवर ओरडून काही होत नाही, रजिस्टरला कारण लिहायचं आणि महिन्याने बघायचं, जास्त कुठे जातंय ते. मी म्हटलं, असंच रजिस्टर रविवारचं ठेवा. फटका कसा लागला हे नको. कुठे होता, काय ठरवलं, कुठे गेला, एवढंच.

पुढच्या भेटींत ती वही वाचताना एक गोष्ट सारखी दिसली. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारायच्या क्लबचा) फटका स्लाइस होऊन, बाजूला वळून झाडीत. इथे नुकसान एका फटक्याचं. पण वहीत पुढे लिहिलेलं: ‘दोन झाडांमधल्या फटीतून ग्रीनकडे मारला. खोडाला लागला. पुन्हा मारला. बंकर.’ बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. असं एकदा नव्हे, जवळजवळ दर रविवारी. चुकलेल्या फटक्यापेक्षा त्याची भरपाई करायला गेलेले फटके कितीतरी महाग पडत होते.

“फट किती रुंद होती?” हाताने दाखवली, जेमतेम खिडकीएवढी. “आणि मारायच्या आधी तुम्ही कुणाकडे पाहिलंत?” यावर ते हसले नाहीत. “मागं बघितलं,” म्हणाले.

माझ्या मते सगळं इथे होतं. कारखान्यात हे आत आले की माणसं उठून उभी राहतात. आठवड्यातली ही एकच जागा, जिथे ते शिकाऊ आहेत आणि तेही लोकांसमोर. झाडीतून बॉल बाजूला फेअरवेवर, म्हणजे मधल्या मोकळ्या पट्ट्यावर, काढणं म्हणजे चूक सर्वांदेखत कबूल करणं. त्यापेक्षा अशक्य फटका मारून चुकलेला बरा, निदान हिंमत तरी दिसते. लाज अशी निर्णय घेते, आणि आपल्याला वाटतं आपलं स्विंग बिघडलंय.

खोलीत माझी छत्री होती. ती पटरसारखी, म्हणजे पट मारायच्या क्लबसारखी, धरा म्हटलं, मागे तिघं उभे आहेत असं समजा. बोटांची पेरं पांढरी पडली. खांदे कानांकडे सरकले. आणि श्वास थांबला, पूर्ण थांबला. त्यांना पत्ताही नव्हता. डोक्यात काय चाललंय, ते बोलून दाखवायला सांगितलं: मान खाली, डावा हात ताठ, मनगट मोडू नको, कंबर, गुडघा, घाई नको. हे वेगवेगळ्या व्हिडिओंतलं आणि सोबत्यांनी फुकट दिलेलं.

क्रीडामानसशास्त्रात यावर गोल्फपटूंवरच प्रयोग झालेत. नवख्यांनी लक्ष स्वतःच्या हातांकडे ठेवण्याऐवजी क्लबच्या हालचालीवर ठेवलं तेव्हा फटके अधिक अचूक गेले. अनुभवी खेळाडूंना आपल्या पटच्या हालचालीवर पायरी-पायरीने लक्ष ठेवायला लावलं, तेव्हा त्यांचा खेळ बिघडला. म्हणून आम्ही ठरवलं: काय मारायचं ते बॉलच्या मागे उभं राहून ठरवायचं. पुढे गेल्यावर ठरवणं बंद. श्वास सोडायचा, निशाणाकडे एकदा बघायचं, मारायचं.

झाडीसाठी वेगळा नियम: बाजूलाच काढायचा, चर्चा नाही. हा त्यांना फार जड गेला. मग त्यांनीच तोड काढली, क्लबची बॅग वाहणाऱ्या कॅडीला आधी सांगून ठेवलं. आता बॉल झाडीत गेला की तो बाकीचे क्लब बॅगेतच ठेवतो, वेज (जवळच्या फटक्याचा क्लब) तेवढा हातात देतो आणि म्हणतो, “सैडिगे होडीरी, साहेब.” बाजूला मारा.

सराव बदलला. एकाच क्लबने बादली रिकामी करण्याऐवजी दर बॉलला क्लब आणि निशाण वेगळं, कारण खेळात तोच फटका लागोपाठ दोनदा क्वचितच येतो. सरावात त्यामुळे वाईट दिसतं, पण शिकलेलं टिकतं. अवघड टीवर ड्रायव्हर बॅगेत. अंतर कमी पडेल अशी कुरकुर झाली तेव्हा मी बेंगळुरूच्या अदिती अशोकची आठवण दिली. टोकियो ऑलिंपिकमध्ये बॉल लांब मारण्यात ती खूप मागे होती, तरी चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. स्विंगसाठी मात्र एकच प्रशिक्षक धरायला सांगितलं. ते काम माझं नाही.

हँडिकॅप थोडा उतरलाय. तीन-तीन पट अजून लागतात. शनिवारी झोप लागते. सोडायचं का, हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, माझंही असंच. एक फरक तपासा. दोन-तीन फुटांच्या पटला मनगट आपोआप झटकत असेल, ठरवूनही थांबत नसेल, तर तो ‘यिप्स’चा प्रकार असू शकतो. त्यात भित्रेपणा काही नाही. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरला तो अनेकदा झाला; पकड बदलत तो पुन्हा उभा राहिला आणि १९८५ व १९९३ अशी दोनदा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला. तेव्हा आधी पकड बदलून पाहा. लिहिताना, कप उचलतानाही हात झटकत असेल, तर माझ्याकडे येण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.