भाऊजी जेवण टाकतात

प्रश्न: ताई, सोयाबीन पाण्यात गेल्यापासून माझे दीर रात्रभर जागे असतात. 'माझं तुम्हाला ओझं झालंय' म्हणतात. सासूबाई म्हणतात, देवऋषी बघू. काय करू?
— एक वाचक, औसा तालुका

उत्तर: 'ओझं झालंय' हे मी हलक्यात घेणार नाही. आजच सरळ विचारा, "भाऊजी, जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर क्षणभरही एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून, गोठ्यातून हलवा (हे आधी!) आणि त्याच दिवशी लातूरला सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. रात्री-अपरात्री टेली-मानसला (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात. सासूबाईंशी वाद नको, त्यांनाही गाडीत बसवा.