फँटसी कथा-चित्रांत ‘मनावर ताबा’ नेमका कशाला म्हणायचा?

तुम्ही विचारलंय की दिवाळी अंकातल्या फँटसी विभागात ‘मनावर ताबा’ अशी सूचना कोणत्या कथांवर आणि चित्रांवर छापायची. प्रेमाचं औषध, झपाटणं, गोड बोलून फितवणं, आठवणी पुसणं हे सगळं त्यात धरायचं का? माझ्या मते सगळं नाही. आणि जे धरायलाच हवं, त्यातलं बरंचसं लेखक-वाचकांच्या लक्षातच येत नाही.

मी एवढंच तपासते: पात्राच्या मनात जी इच्छा उठली तिच्याकडे बघून ‘हे मला का वाटतंय?’ असं त्याला स्वतःला विचारता येतं का? आणि उत्तर पटलं नाही तर थांबता येतं का? या दोन्ही वाटा दुसऱ्या कुणीतरी जाणूनबुजून बंद केल्या असतील तर तो ताबा. मंत्राने केल्या, डोळ्यांत बघून केल्या की डोक्यात यंत्र बसवून केल्या, याने फरक पडत नाही.

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तिसऱ्या सर्गात मदन धनुष्यावर जो बाण चढवतो त्याचं नावच संमोहन आहे. शंकराचं चित्त क्षणभर हलतं. मग तो काय करतो? आधी ते आवरतो आणि ही खळबळ कुठून आली म्हणून चारही दिशांना बघतो. तिथे मदन दिसतो आणि पुढचं आपल्याला माहीतच आहे. प्रयत्न ताबा घेण्याचाच होता, पण ताबा मिळाला नाही, कारण कारण शोधण्याची शक्ती शाबूत राहिली.

याच मापाने फितवणं बाहेर पडतं. मंथरा कैकेयीच्या मनात भीती पेरते, पण ती भीती तोलून बघायचं काम कैकेयीचं स्वतःचंच असतं, आणि ती चुकीचं तोलते. धमकीही बाहेर. गळ्याला सुरी लावून सही घेतली तर हात मजबूर असतो, आत त्या माणसाला सगळं लख्ख कळत असतं. दुर्वासाच्या शापाने शकुंतलेला विसरलेला दुष्यंतही मी बाहेर ठेवते. त्याच्या आठवणीवर घाला आहे आणि तो भयंकर आहे, पण जेवढं आठवतं तेवढ्यावर निर्णय घेणारा दुष्यंतच आहे. अशा कथांना ‘स्मृतिनाश’ अशी वेगळी सूचना द्या.

नळाची गोष्ट मात्र मधोमध बसते. कली नळाच्या अंगात शिरतो, नळ पुष्कराशी द्यूत खेळून राज्य घालवतो आणि शेवटी झोपलेल्या दमयंतीला अरण्यात टाकून जातो. महाभारतात तो जाण्याचा प्रसंग फार बारकाईने आला आहे. नळ निघतो, परत येतो, पुन्हा निघतो. कली ओढतो आणि प्रेम मागे खेचतं, झोक्यासारखं त्याचं मन इकडून तिकडे होतं. म्हणजे नळ आत जिवंत आहे. त्याला ‘का’ विचारता येतंय, फक्त थांबता येत नाही. माझ्या दोन कसोट्यांपैकी एक तुटली, एक उरली. मी याला ताबाच म्हणते, अर्धवट ताबा, आणि कथा म्हणून तो पूर्ण ताब्यापेक्षा कितीतरी जास्त हलवून सोडतो. पुतळ्यासारखं चालणाऱ्या पात्राबद्दल काय वाटणार? नळाबद्दल वाटतं. पुढे पुन्हा भेट झाल्यावर तो दमयंतीला सांगतो की हे मी केलं नाही, कलीने केलं. पळवाट वाटावी असं हे वाक्य आपल्याला पटतं, कारण तो झोका आपण पाहिलेला असतो. आणि दमयंतीने तर काहीच माहीत नसताना, ज्याच्यामुळे नळावर ही वेळ आली त्याला शाप दिलेला असतो. कर्ता आणि ज्याच्या हातून घडलं तो, हे दोघे तिने आधीच वेगळे केले होते.

आता अनुशासनपर्वातली विपुलाची कथा. फार कमी लोक सांगतात, पण तुमच्या प्रश्नासाठी याहून नेमकी कथा मला माहीत नाही. देवशर्मा ऋषी यज्ञासाठी बाहेर जातात आणि पत्नी रुचीला इंद्रापासून सांभाळायचं काम शिष्य विपुलावर सोपवतात. इंद्र हवं ते रूप घेणारा, त्याला कुंपण काय अडवणार? म्हणून विपुल योगबळाने रुचीच्याच देहात शिरतो. इंद्र येतो. रुचीला उठून त्याचं स्वागत करायचं असतं, पण अंग हलत नाही. बोलायचं असतं, जीभ उचलत नाही. मग तिच्या तोंडून ‘इथे येण्याचं काय प्रयोजन?’ असे शब्द निघतात, जे तिचे नाहीतच. परवश होऊन बोललेल्या त्या वाक्याने ती लाजते.

ती लाज बघा. तिच्या मनाला कुणी हात लावलेला नाही, तिला काय हवंय ते तिला पुरतं ठाऊक आहे. गेलाय तो देह आणि वाणी. ‘हा मनावर ताबा नाही, शरीरावर आहे,’ असं म्हणून लेखक सुटू बघतात. मी त्यांना सोडणार नाही. स्वतःच्या तोंडून दुसऱ्याचं वाक्य ऐकावं लागणं हा इच्छेवरचाच घाला आहे. दुसरं असं की विपुलाचा हेतू चांगला होता, गुरूची आज्ञा होती. तरीही कथा त्याला मोकळं सोडत नाही. आपण रुचीच्या देहात शिरलो हे तो गुरूपासून लपवतो आणि पुढे वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांच्या तोंडून, ‘खोटं बोललो तर विपुलाची गत आमची होवो,’ अशी शपथ त्याला ऐकावी लागते. गुरू क्षमा करतात, पण आधी त्याची ही लपवाछपवी त्याच्यापुढे उघड करतात. रुचीला मात्र कुणीच काही विचारत नाही, आणि मला ते बोचतं. आज कुणी ही कथा नव्याने लिहिली तर तिच्या बाजूने लिहावी.

प्रेमाच्या औषधाबद्दल माझं मत ठाम आहे: तो ताबाच, आणि विनोदी कथेत असला तरी सूचना हवीच. हॅरी पॉटरच्या सहाव्या पुस्तकात, 2005 साली आलेल्या, वीझली भावांच्या दुकानात असली औषधं गंमत म्हणून विकली जातात, आणि त्याच पुस्तकात मेरोपी, म्हणजे खलनायक व्होल्डेमॉर्टची आई, अशाच उपायाने टॉम रिडलला नवरा करून घेते हेही सुचवलंय. पहिल्याकडे वाचक हसतो, दुसऱ्याने हादरतो, पण कृती एकच. चौथ्या पुस्तकातला, दुसऱ्याला आपल्या इच्छेप्रमाणे वागायला लावणारा इम्पीरियस शाप निषिद्ध मानतात. औषधाला मात्र तशी बंदी नाही. तुमच्या लेखकांना हा फरक का करावासा वाटतो ते जरूर विचारा.

झपाटण्याबद्दल थोडक्यात: भूत जबरदस्तीने शिरलं तर ताबा. भक्ताने स्वतः बोलावलेलं दैवत अंगात आलं तर नाही, निदान त्याला ते जायला हवं असूनही जात नाही अशी वेळ येईपर्यंत.

चित्राचं काम अवघड आहे, कारण चित्राला आधी-नंतर नसतं. सोपी खूण म्हणजे डोळ्यांत फिरणारी वर्तुळं. डिस्नेच्या 1967 च्या ‘जंगल बुक’मधल्या ‘का’ नावाच्या अजगराने ती जगभर नेली. किपलिंगच्या 1894 च्या मूळ कथेत ‘का’ नाचत, अंगाची वेटोळी घालत माकडांना खिळवतो. त्याच साली ‘ट्रिल्बी’ कादंबरी पुस्तकरूपात आली. तिच्यातला स्वेंगाली, गळ्यात सूर नसलेल्या ट्रिल्बीला संमोहित करून थोर गायिका बनवतो आणि तिला त्यातलं काही आठवत नाही. लेखक जॉर्ज द्यू मोरिएने स्वतःच चित्रं काढली आणि एकात स्वेंगालीला जाळ्यातला कोळी केलं. चित्र म्हणून जबरदस्त, पण स्वेंगाली ज्यू आहे आणि ते सगळं रेखाटन ज्यूद्वेषाने भरलेलं आहे. ताबा घेणारा नेहमी ‘परका’च दाखवायची खोड तिथे फार स्पष्ट दिसते. आपल्याकडे तो मांत्रिक कुठल्या जातीचा, कुठल्या वस्तीतला दाखवतात, हेही तुमच्या अंकापुरतं तपासा.

नुसते रिकामे डोळे किंवा वर्तुळं दिसली म्हणून सूचना लावू नका, कारण तंद्री, नशा, समाधी यांतही डोळे तसेच काढतात. चित्रात दुसरं कुणी आहे का, आणि ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याचे हात-मान त्या दुसऱ्याच्या हालचालीला बांधलेले आहेत का, हे बघा. त्यात शृंगार असेल तर सूचनेत ‘संमतीविना’ हा शब्द स्पष्ट घाला. नुसतं ‘संमोहन’ लिहिलं तर वाचकाला जादूचा खेळ वाटतो. चित्रावरून ठरतच नसेल तर चित्रकाराला सरळ विचारा की या क्षणाआधी या व्यक्तीला काय हवं होतं. ते त्याने ठरवलेलंच नसेल, तर चित्र घेण्याआधी त्याला ते ठरवायला सांगा.